सकाळच्या शिंका आणि रात्रीचं अंथरूण : वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

दिवाळी झाली की दरवर्षी हीच पत्रं सुरू होतात. सकाळी उठल्या उठल्या शिंका, नाक बंद, रात्रभर झोप नाही. मी बावीस वर्षं नाक-कान-घशाच्या ओपीडीत नर्स म्हणून काढली, त्यामुळं हे सगळं ओळखीचं आहे, आणि खरं सांगते मला याचं फार वाईट वाटतं, कारण माणसं औषधावर पैसे घालत राहतात पण ज्या उशीवर आठ-आठ तास नाक ठेवून झोपतात तिच्याकडं कुणी बघत नाही. म्हणून या वेळी चार पत्रं एकत्रच घेतलीत.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं घर जुनं, माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं). नातू आठ वर्षांचा आहे. थंडी पडली म्हणून पेटीतल्या वाकळी (जाड गोधड्या) काढल्या आणि त्या दिवसापासून लेकरू शिंकायलंय, सकाळी तर दहा-बारा शिंका सलग. नाक चोळून चोळून लाल झालंय, रात्री तोंड उघडं ठेवून घोरतंय आणि शाळेत पेंगतंय असं त्याच्या बाई म्हणायल्यात. सून म्हणती हे घरच धुळीचं आहे, शहरात खोली करू. मी म्हणते थंडी बाधली. खरं काय ते तुम्हीच सांगा. (एक आजी, जि. परभणी)

उत्तर : मावशी, उत्तर तुमच्या पत्रातच आहे बघा. वाकळी काढल्या आणि त्या दिवसापासून. थंडी बाधली असती तर थोडी कणकण आली असती, घसा धरला असता आणि आठवड्याभरात लेकरू खडखडीत झालं असतं. हे तसं दिसत नाही. अंथरुणात असताना आणि उठल्यावर त्रास, दिवसा बाहेर खेळताना बरं, आणि रोजच्या रोज तेच, असं असलं की अ‍ॅलर्जीची शंका घ्यायची.

आता वाकळीत काय असतं ते सांगते. गादी, उशी, वाकळ, गोधडी यांच्यात एक बारीक किडा राहतो, कोळ्याच्या गोतातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या पाव भागाएवढा, म्हणजे डोळ्याला दिसतच नाही. त्याला डस्ट माइट म्हणतात. हा ढेकूण नाही, चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगाची जी मेलेली कातडी रोज झडते ती खातो, आणि पाणी तोंडानं पीत नाही तर हवेतली ओल अंगानं ओढून घेतो. घरातल्या धुळीनं दमा उठतो हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं, पण धुळीतलं नेमकं काय, तर हा किडा, हे १९६४ साली नेदरलँडमधल्या लायडनच्या संशोधकांनी पुढं आणलं. आणि त्रास मुख्यतः किड्याचा नाही, त्याच्या विष्ठेचा. ती वाळली की पिठासारखी होते, आपण कूस बदलली किंवा वाकळ झटकली की उडते आणि थेट नाकात जाते.

आमच्या आईची एक वाकळ माझ्याकडं आहे, जुन्या लुगड्यांचे सात थर, वरून हातानं घातलेले टाके. मागच्या वर्षी ती पेटीतून काढली आणि गच्चीवर काळं कापड अंथरून त्यावर नुसती चार वेळा आपटली. कापडावर करड्या-पिवळ्या रंगाचा बारीक भुगा पडला, बोटानं उचलला तर मैद्यासारखा मऊ लागला. त्यात दोऱ्यांचा चुरा होता, मातीही होती, पण त्याच भुग्यात कातडी आणि हे किड्यांचं सगळं असतं. वर्षभर पेटीत बंद, मधे चार महिने पावसाळ्याची ओल, आणि जड होते म्हणून वाकळ धुवायचीच नाही ही आपल्याकडची रीत. तुमच्या लेकराच्या नाकाखाली तुम्ही मायेनं हेच पांघरलंय मावशी, यात तुमची काही चूक नाही, आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

करायचं काय, तर वाकळ टाकून देऊ नका, धुवा. पण गार पाण्यानं धुतली तर भुगा बराचसा निघून जातो, किडा मात्र जगतो. त्याला मारायला पंचावन्न-साठ डिग्रीचं पाणी लागतं. थर्मामीटर कुठून आणायचा, तर सोपा हिशोब आहे, आधण आलेलं एक बादली पाणी आणि त्यात पाऊण बादली साधं पाणी, झालं साठ-पासष्ट. मोठ्या टपात वाकळ घाला, लाकडानं दाबून बुडवा, वीस मिनिटं ठेवा, मग साबण लावून धुवा. लेकरांना त्या टपाच्या आसपास फिरकू देऊ नका, एवढं पाणी अंगावर पडलं तर कातडी निघते.

जी वाकळ किंवा गादी धुता येतच नाही तिला ऊन. आपल्या मराठवाड्याला देवानं पाणी देताना हात आखडला पण ऊन भरभरून दिलंय, आणि या किड्याला कोरड्या उन्हाएवढं वाईट काहीच नाही. हवेतली ओल पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली की तो हळूहळू वाळून मरतो. सकाळी दहाला पत्र्यावर किंवा गच्चीवर टाका, दुपारी पालटा, चारला उचला. पण इथं एक गोष्ट सगळे विसरतात, उन्हानं किडा मरतो, त्याची घाण तिथंच राहते. म्हणून उचलायच्या आधी काठीनं चांगली झोडपा, तेही वारा पाठीमागून घेऊन, तोंडाला रुमाल बांधून, आणि नातू घरात नसताना. घरात आणून झटकली तर सगळी मेहनत वाया गेली. उशीची खोळ आणि चादर मात्र दर आठवड्याला, वरच्याच गरम पाण्यानं. उशी कापसाची आणि जुनी असेल तर सरळ नवी करा. गादीचा कापूस पिंजून घ्यायचा असेल तर तोही अंगणात, नातवाला त्या दिवशी शेजारी पाठवा. वाकळ पुन्हा पेटीत ठेवताना आधी कडक उन्हात वाळवा, आणि पुढच्या वर्षी काढली की अंगावर घ्यायच्या आधी पुन्हा ऊन आणि झोडपणं.

माळवदाचं म्हणाल तर किलचनातून, म्हणजे छताच्या लाकडी पट्ट्यांमधून, माती गळते हे खरं, तिनं नाक खवखवतं. पलंगाच्या वर जुनी सुती चादर चारी कोपऱ्यांना ताणून बांधा आणि पंधरा दिवसाला काढून धुवा. बाकी माळवदाच्या घराला मी वाईट म्हणणार नाही. पावसाळ्यात गळत नसेल तर जाड भिंतींचं ते घर चांगलं. सूनबाईंना सांगा, शहरात खोली केली आणि हीच वाकळ न धुता सोबत नेली तर शिंका बी सोबत जातील.

आता एक विचारते. ज्या खोलीत लेकरू झोपतं त्याच खोलीत ज्वारी-गव्हाची पोती आहेत का? बऱ्याच घरांत असतात, पलंगाखाली नाहीतर भिंतीला थप्पी. साठवणीच्या धान्यातही असेच किडे होतात आणि पोतं हलवलं की त्याची धूळ उडते, त्यामुळं पोती दुसऱ्या खोलीत न्या. आणि हे नीट ऐका, मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा म्हटलं तरी चालेल : धान्यात टाकायची ती गोळी, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडची, माणसं झोपतात त्या खोलीत कधीही ठेवायची नाही. ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो, त्यावर उतारा असं औषध नाही, आणि अशा वायूनं झोपेतच माणसं गेलीत. हे अ‍ॅलर्जीच्या पलीकडचं आहे, पण पोत्यांचा विषय निघाला आणि मी गप्प बसले तर मला झोप लागणार नाही.

एवढं पंधरा-वीस दिवस करून बघा आणि लेकराला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवा. दोन्ही लागतं. छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, पहाटे तीन-चारला खोकल्यानं उठत असेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना. तोंडानं ओढायचा पंप (इन्हेलर) दिला तर घाबरू नका, पंपाची सवय लागते हे खोटं आहे, औषध सरळ फुप्फुसात जातं म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी लागतं.

प्रश्न : ताई मी लातूरला नीटची तयारी करतोय, रूमवर तिघं राहतो. रूममालकाची जुनी गादी आहे, किती वर्षांची माहीत नाही. रात्री नाक पूर्ण बंद होतं, म्हणून मेडिकलमधून नाकात टाकायचे थेंब आणलेत, महिना झाला रोज टाकतोय, नाही टाकलं तर श्वासच येत नाही. सोबत सर्दीची गोळी घेतो पण मग सकाळच्या क्लासला डोळे उघडत नाहीत. खर्च जास्त करता येणार नाही. (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : बाळा, आधी त्या थेंबांचं. नाक मोकळं करणारे ते थेंब तीन दिवस, फार तर पाच दिवस टाकायचे असतात. त्यापुढं टाकत राहिलं की औषधाचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त फुगतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा फुगणं, आणि माणसाला वाटतं माझी सर्दीच जात नाही. तुझं आज निम्मं नाक थेंबांनीच बंद केलंय. डॉक्टरांकडं जा, किती दिवस टाकले ते लाजू नको, खरं सांग, ते दुसरा स्प्रे देऊन हे कसं सोडायचं सांगतील. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं चालतं, पण पाणी उकळून गार केलेलं पाहिजे, नळाचं नाही. आणि सर्दीच्या गोळीचं तर तू स्वतःच लिहिलंस, जुन्या पद्धतीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि ती सकाळपर्यंत राहते. लातूर पॅटर्नमध्ये लेकरं पहाटेपासून पळतात आणि त्यात असा गुंगलेला मेंदू घेऊन बसायचं, हे तुझ्या अभ्यासाचं नुकसान आहे. गुंगी न आणणारी गोळीही मिळते, पण मेडिकलवाल्याला विचारून नको, डॉक्टरला विचारून.

आता गादी. कुणाकुणाची कातडी झडलेली ती गादी, तिच्यात किती पिढ्या किड्यांच्या गेल्या असतील, एक मादी आपल्या आयुष्यात साठ-ऐंशी अंडी घालते. नवी गादी घे म्हणत नाही. गादी पूर्ण बंद होईल असं चेनचं कव्हर मिळतं, दाट विणीचं, ज्यातून किडाही बाहेर येत नाही आणि त्याची घाणही. एवढं एक घे, आणि उशी आपली स्वतःची घरून आण. कव्हर घालायच्या आधी तिघांनी मिळून एका रविवारी गादी गच्चीवर नेऊन दिवसभर तापवा आणि झोडपा. कव्हर घातलं की काम संपलं असं मात्र नाही. नुसतं कव्हर घालून कुणाला फारसा फरक पडलेला मी पाहिला नाही. कव्हर, गरम पाण्यानं धुतलेली चादर, ओल्या फडक्यानं पुसलेली फरशी, हे सगळं मिळून केलं तर पडतो.

झाडू कधी मारता ते बघ. रात्री झोपायच्या आधी कोरडा झाडू मारला तर ती धूळ वीस-तीस मिनिटं हवेत राहते आणि तुम्ही त्यातच झोपता. सकाळी ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि क्लासला निघून जा, परत येईपर्यंत सगळं खाली बसलेलं असतं. पलंगाखालची जुन्या नोट्सची थप्पी, दारामागच्या खुंटीवरचे न धुतलेले कपडे, हे पण बाहेर काढ. आणि डासांची कॉईल तिघांच्या बंद खोलीत लावत असाल तर आजपासून बंद करा. कॉईलच्या धुरावर २००३ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, त्यात एक पूर्ण कॉईल जळल्यावर जेवढे बारीक कण निघाले ते पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींएवढे भरले. धूर म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, पण आधीच सुजलेल्या नाकाला तो जाळतो. मच्छरदाणी बांध, आठवड्याला धू, बास.

प्रश्न : ताई, आम्ही जालन्यात फ्लॅटमध्ये राहतो. मिसेसला वर्षभर सर्दी आणि खोकला, झोप तर नाहीच. मी एअर प्युरिफायर घेतला चांगला महागातला, खिडक्या पण कायम बंद ठेवतो, तरी फरक शून्य. उन्हाळ्यात तर कूलर चालू केल्यावर जास्तच त्रास झाला होता. बेडरूमच्या एका भिंतीला ओल आहे, तिथं कपाट लावलंय. (एक वाचक, जालना)

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि ती तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिली. कपाट पुढं ओढा आणि मागं बघा. काळे-हिरवट ठिपके असतील, बोट फिरवलं तर काजळीसारखं लागेल, आणि बंद पेटीसारखा कुबट वास येईल. ती बुरशी आहे. तिचे कण हवेत सुटतात आणि वहिनींच्या नाकात, छातीत जातात. त्यावर नुसता रंग मारला तर एक पावसाळासुद्धा टिकत नाही. आधी ओल कुठून येते ते शोधा, वरच्या मजल्याचं बाथरूम, पाइप, बाहेरच्या भिंतीची चीर, ते बंद करा, मग बुरशी साबणाच्या पाण्यानं घासून पुसा, भिंत पूर्ण वाळू द्या, आणि रंग त्यानंतर. घासताना वहिनी घरात नकोत. कपाट भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा म्हणजे मागून वारा खेळेल.

प्युरिफायर वाईट नाही, हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या जाळीचा) असेल तर धूर, परागकण, मांजराची अ‍ॅलर्जी यात त्याचा उपयोग होतो. पण माइटची घाण जड असते, ती हवेत फार वेळ तरंगत नाही, गादीत आणि उशीत बसून राहते, आणि मशीन तर हवा ओढतं, गादी ओढत नाही. तुमचे पैसे गेले असं म्हणू नका, पण सुरुवात तिथून करायला नको होती. आणि खिडक्या कायम बंद ठेवल्या तर आपल्या श्वासाची, ओल्या कपड्यांची, स्वयंपाकाची सगळी ओल आतच राहते. सकाळी आणि दुपारी कोरड्या उन्हाच्या वेळी तासभर उघडा. रस्त्यावर धूळ उडत असेल किंवा जवळ मळणी चालू असेल तेव्हा बंद.

कूलरचं कोडं तर मला फार वर्षांनी उलगडलं. आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजे हवा इतकी कोरडी की माइट आपोआप कमी होतात, पण आपण त्याच महिन्यात खिडकीला कूलर लावतो आणि बंद खोलीत रात्रभर ओली हवा सोडतो. म्हणजे निसर्ग जे फुकट करून देत होता ते आपणच मोडतो. त्यात गेल्या वर्षीच्या जाळ्या आणि ओला भुसा तसाच, टाकीतलं पाणी आठ-आठ दिवसांचं. मी हे म्हणत नाही की कूलर लावू नका, बेचाळीस डिग्रीला कूलरशिवाय कोण झोपेल. आता हिवाळा आहे तर कूलर खोला, जुना भुसा किंवा खस फेकून द्या, टाकी घासून कडकडीत वाळवा आणि कापडानं झाकून ठेवा. लावाल तेव्हा नवी खस, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं (डेंग्यूच्या डासांसाठीही तेच बरं), समोरचं दार-खिडकी थोडी उघडी, म्हणजे ओली हवा एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं निघून जाईल, आणि पहाटे गार झालं की पाण्याचा पंप बंद, नुसता पंखा. हवेतली ओल मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं, ते उशाला ठेवा. पन्नासच्या आत असलं तर बरं, सत्तरच्या वर जात असेल तर समजा माइट आणि बुरशी दोघांचीही सोय झाली.

एवढ्यानं भागलं नाही तर वहिनींची त्वचेवरची अ‍ॅलर्जीची टेस्ट करून घ्या, हातावर थेंब ठेवून बारीक टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत कळतं. मग अंदाजानं लढायला नको.

प्रश्न : संध्याकाळी बेडरूममध्ये ऊद आणि कडुलिंबाचा पाला जाळला तर हे किडे मरतात का? आणि खिडकीखाली गाजर गवत माजलंय, त्याचा काही संबंध? मला ऑगस्टपासून डोळे खाजायचा त्रास आहे. (एक भगिनी, जि. धाराशिव)

उत्तर : ताई, गादीच्या आतल्या किड्याला धुरानं काही होत नाही, नाकाला मात्र होतं, त्यामुळं ऊद घालायचाच तर देवघरात, आणि झोपायच्या खोलीचं दार लावून.

गाजर गवताचा संबंध आहे. आपण त्याला काँग्रेस गवत पण म्हणतो, १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि आता बांधावर, पडक्या जागेत, कुठं नाही असं नाही. पाऊस पडला की उगवतं, महिना-दीड महिन्यात पांढरं फुलतं, म्हणजे तुमचा ऑगस्ट बरोबर जुळतो. त्याचे परागकण नाकाडोळ्यांत जातात आणि पाला अंगाला लागला तर काहींना खाजरी पुरळ येते. यंदाचं फुललेलं गवत वाऱ्यानं घरात येतंय तोवर खिडकीला दाट जाळी लावा, बाहेरून आल्यावर तोंड आणि केस धुऊनच झोपा, आणि चादरी त्या खिडकीत वाळत घालू नका, दुसऱ्या बाजूला घाला. पुढच्या वर्षी पहिल्या पावसानंतर जमीन ओली असताना, फुलायच्या आत, मुळासकट उपटा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, आणि ज्यांना त्रास आहे त्यांनी नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी.